मुखत्यारांचे मुखत्यार: एआय-एजंटांच्या ताफ्याचे एक वाचन

१

मराठी व्यवहारात ‘एजंट’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. विम्याचा एजंट, आरटीओच्या फाटकाशी उभा असलेला एजंट, भाड्याची जागा दाखवणारा एजंट. तो आपल्या वतीने काम करतो आणि म्हणूनच त्याच्यावर थोडी नजर ठेवावी लागते, हे दोन्ही अर्थ आपण या शब्दात न सांगता गृहीत धरतो. कायद्याच्या मराठीत त्याला ‘अभिकर्ता’ म्हणतात. कोर्टकचेरीच्या जुन्या बोलीत तो ‘मुखत्यार’. गेल्या दोन-तीन वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात हाच शब्द नव्या अर्थाने रुळला आहे. ज्या भाषाप्रारूपांशी लोक संवाद साधतात, त्यांनाच फायली उघडण्याची, त्यांत फेरफार करण्याची आणि प्रोग्राम चालवून पाहण्याची मुभा दिली की ती ‘एजंट’ होतात. सांगितलेले काम पुरे झाले असे वाटेपर्यंत पुढचे पाऊल ती स्वतःच ठरवत जातात.

या लेखाचा विषय त्यापुढची पायरी आहे. इथे एजंट एक नसतो, अनेक असतात; आणि त्यांना कामाला लावणारा माणूसही समोर बसलेला नसतो. एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो त्याच दाराने, म्हणजे एपीआयच्या दाराने, एजंटांना बोलावले जाते, काम वाटले जाते आणि निकाल गोळा केले जातात. हे तंत्रज्ञांचे क्षेत्र आहे हे खरे. पण या कारभाराचा मोठा भाग आज साध्या गद्यात चालतो. ‘तू अमुक आहेस, तुला हे करायचे आहे, हे करू नकोस, संपल्यावर असे कळव’ अशा धर्तीची सूचनापत्रे त्यात लिहिली जातात. ज्या कामाचे साधन गद्य आहे, त्या कामाकडे समीक्षेने पाहायला हरकत नसावी.

या मजकुराच्या वाचनातून माझ्या हाती लागलेले सूत्र असे: अधिकार खाली सोपवण्याची सोय या व्यवस्थेने उत्तम केली आहे. समज खाली पोहोचवण्याची आणि हिशेब वर आणण्याची सोय त्या मानाने फार कच्ची आहे. या दोहोंतल्या अंतराला तंत्राची तात्पुरती उणीव मानणे सोपे आहे. मला ते मुखत्यारीच्या कल्पनेतच असलेले जुने अंतर वाटते.

२

हे अंतर किती जुने आहे ते पाहण्यासाठी १८७२चा भारतीय करार कायदा उघडावा. त्याचे दहावे प्रकरण मुखत्यारीविषयी आहे. यंत्राला कायदा ‘व्यक्ती’ मानत नाही, तेव्हा ही कलमे एआय-एजंटांना जशीच्या तशी लावण्याचा इथे हेतू नाही. पण दुसऱ्याच्या हातून काम करून घेताना काय काय बिघडू शकते याचा इतका नेमका विचार केलेले गद्य क्वचित सापडते.

कलम १८२ मुखत्याराची व्याख्या देते. कलम १९० सांगते की, जे काम स्वतः करण्याचे मुखत्याराने पत्करले आहे ते त्याने दुसऱ्यावर ढकलू नये. अपवाद धंद्याच्या रूढीचा किंवा कामाच्या स्वरूपाचा. पुढची दोन कलमे उपमुखत्याराची आहेत. रीतसर नेमलेल्या उपमुखत्याराने केलेले काम मालकाला बांधते. पण उपमुखत्यार जबाबदार असतो तो मुखत्याराला. मालकाला तो थेट जबाबदार ठरतो तो लबाडी किंवा जाणूनबुजून केलेल्या नुकसानीपुरताच. कलम २१३ म्हणते की, मालकाने मागितला की हिशेब दिला पाहिजे. कलम २१४ म्हणते की, अडचण आली तर मालकाशी संपर्क साधून त्याच्या सूचना मिळवण्याची वाजवी खटपट मुखत्याराने केली पाहिजे.

या सर्वांत विलक्षण कलम १८४ आहे. त्यानुसार तिऱ्हाइतांच्या दृष्टीने कोणीही मुखत्यार होऊ शकतो, अज्ञान मूलही. त्याने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक ठरतो. पण ते मूल मालकाला जबाबदार धरता येत नाही. बांधून टाकण्याचे सामर्थ्य आहे, उत्तर देण्याचे दायित्व नाही, अशा मुखत्याराची कल्पना दीडशे वर्षांपूर्वीच केली गेली होती. आज आपण ज्यांचे ताफे उभे करतो आहोत ते एजंट नेमके या वर्णनाचे आहेत. त्यामुळे कलम २१३ आणि २१४, म्हणजे हिशेब देणे आणि अडचणीत विचारणे, यांचे या व्यवस्थेत काय होते हा प्रश्न शोभेचा राहत नाही.

३

अँथ्रॉपिक कंपनीचे ‘क्लॉड कोड’ हे साधन २०२५च्या फेब्रुवारीत चाचणीसाठी खुले झाले. ते दोन रीतींनी वापरता येते. पहिल्या रीतीत माणूस समोर बसतो, एजंट मधूनमधून थांबून ‘ही फाईल बदलू का’ असे विचारतो आणि माणूस हो किंवा नाही म्हणतो. दुसऱ्या रीतीत माणूस नसतो. आज्ञेसोबत एक छोटे चिन्ह जोडले की साधन सूचनापत्र घेते, काम करते, निकाल छापते आणि बंद होते. निकाल दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात मागवता येतो. कोणती हत्यारे वापरायची मुभा आहे त्याची यादी देता येते, किती फेऱ्यांनंतर थांबायचे ते ठरवता येते, जुने संभाषण त्याच्या क्रमांकावरून पुढे चालू करता येते. एवढी सामग्री हाती असली की दहा-वीस एजंट एकाच वेळी चालवणारा प्रोग्राम लिहिणे अवघड राहत नाही.

ही यादी मुखत्यारपत्रासारखी वाचता येते. अधिकाराची कक्षा आहे, मुदत आहे, कामाचा तपशील आहे. नाही ते कलम २१४. दुसऱ्या रीतीत विचारायला कोणी नसते. ज्याची परवानगी यादीत नाही ते नाकारले जाते. पण ज्याचा उल्लेखच कुठे नाही, अशा शेकडो बारीक निर्णयांचे काय? सूचनेत संदिग्धता असेल तर ती एजंटाने स्वतःच मिटवायची असते, आणि ती मिटवल्याची नोंद निकालात येईलच असे नाही. चांगला कारकून जिथे फाईल वर पाठवून ‘आदेशार्थ’ असा शेरा मारतो, तिथे हा मुखत्यार अंदाज करतो आणि पुढे जातो.

या साधनात परवानगीचे सर्व प्रश्न एकदम बंद करणारा एक पर्याय आहे. त्याच्या नावाचे मराठी करायचे तर ‘धोकादायकपणे परवानग्या वगळा’ असे होईल. आज्ञांच्या नावांत क्रियापदे असतात, नामे असतात, क्रियाविशेषण क्वचितच. इथे ते मुद्दाम घातले आहे, म्हणजे ही आज्ञा टंकणाऱ्याला प्रत्येक वेळी आपण काय करतो आहोत ते स्वतःच्या हाताने लिहावे लागावे. संपूर्ण व्यवस्थेतला मला हा सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. पण ती आज्ञा एकदा एखाद्या प्रोग्रामच्या आत लिहिली गेली की तो इशारा वाचणारा कोणी उरत नाही. प्रोग्राम ती ओळ हजार वेळा चालवील, आणि क्रियाविशेषणाने यंत्र दचकत नाही.

४

आता एक प्रत्यक्ष प्रयोग पाहू. २०२६च्या फेब्रुवारीत अँथ्रॉपिकमधील संशोधक निकोलस कार्लिनी यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सोळा एजंट समांतर चालवून त्यांनी सी भाषेचा एक कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, रस्ट या भाषेत लिहवून घेतला. सुमारे २,००० सत्रे, सुमारे २०,००० डॉलर खर्च, सुमारे १,००,००० ओळी. या कंपायलरने लिनक्स ६.९ ही कार्यप्रणाली तीन वेगवेगळ्या प्रकारच्या प्रक्रियकांसाठी उभी केली. हा वृत्तांत एजंट विकणाऱ्या कंपनीनेच छापलेला आहे हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा. तरी त्यातल्या कबुल्याच त्याला वाचनीय करतात.

रचना अगदी साधी होती. प्रत्येक एजंट एका न संपणाऱ्या आवर्तनात चाले: एक काम संपले की नवे सत्र, तेच सूचनापत्र, कोरी स्मृती. परवानग्या वगळणारा तोच पर्याय वापरला होता. मात्र एजंटांना बंदिस्त आवारात ठेवले होते. ताफ्याला मुकादम नव्हता आणि एजंट एकमेकांशी बोलतही नव्हते. काम हाती घेताना एजंट एका ठरावीक फोल्डरमध्ये त्या कामाच्या नावाची छोटी फाईल ठेवी. दुसऱ्याला ती दिसली की तो वेगळे काम उचली. जत्रेत जागा धरण्यासाठी रुमाल टाकावा, तसा हा प्रकार. बाकीचा मेळ गिट या प्रणालीवर सोपवलेला. सगळ्यांचे बदल एकत्र करणे, टक्कर झाली तर सोडवणे, हे त्यातून होई.

साहित्याच्या वाचकाला यात रस वाटावा असे पुढेच आहे. कार्लिनी यांचा बराचसा श्रम सूचनांपेक्षा भोवतालची परिस्थिती घडवण्यात गेला: चाचण्या, त्यांचे निकाल, नोंदी. आणि हा सर्व मजकूर त्यांना एका विशिष्ट वाचकासाठी लिहावा लागला. या वाचकाला वेळेचे भान नाही. त्याला मोकळे सोडले तर तो तासन्‌तास चाचण्याच चालवत बसेल, म्हणून सगळ्या चाचण्यांऐवजी १ किंवा १० टक्के नमुना चालवण्याची सोय केली. या वाचकाची लक्षात ठेवण्याची कक्षा मर्यादित आहे. पानेच्या पाने नोंदी समोर आल्या तर तो मुद्दा हरवतो, म्हणून चाचण्या मोजक्याच ओळी छापत आणि चुकीचे कारण त्याच ओळीत देत, म्हणजे शोधता यावे. समीक्षेत आपण ‘अभिप्रेत वाचक’ म्हणतो तो इथे तांत्रिक गरज म्हणून अवतरला आहे. विसराळू, अथक, कालभान नसलेल्या वाचकासाठी लिहिण्याची ही एक नवी गद्यशैलीच आहे.

आणि मग हा ताफा अडला. वेगवेगळ्या शेकडो चाचण्या होत्या तोवर सोळा एजंटांना सोळा कामे होती. लिनक्सची उभारणी मात्र एकच अवाढव्य काम. प्रत्येक एजंट त्याच एका चुकीशी येऊन थांबे, ती दुरुस्त करी आणि इतरांच्या दुरुस्त्यांवर आपली दुरुस्ती चढवी. सोळा जणांचा उपयोग एकाइतका. यावर काढलेली तोड चतुर होती. जुना, मान्यवर जीसीसी कंपायलर पंच म्हणून आणला. बहुतेक फायली जीसीसीने आणि थोड्याच फायली नव्या कंपायलरने करायच्या. मग चूक कुठल्या फायलीत आहे ते कळे, आणि प्रत्येक एजंटाला वेगळी चूक मिळे.

या प्रसंगातला खरा समन्वय कोणी केला? ताफा अडला आहे हे एका माणसाने ओळखले, आणि तो का अडला याची मीमांसाही त्यानेच केली. उत्तरासाठी त्याने ज्याच्याकडे बोट दाखवले तो जीसीसीही अनेक माणसांनी दशकानुदशके घासून बरोबर केलेला होता. इंटरनेट बंद ठेवून हे काम झाले हे खरे. पण अंतिम निवाडा करणारा पंच बाहेरचा, तयार होता. आपल्या रोजच्या कामात, जिथे काय बरोबर हेच ठरलेले नसते, असा पंच कुठून आणायचा?

कार्लिनी यांनी मर्यादाही सांगितल्या आहेत. प्रारंभीच्या १६-बिट टप्प्यासाठी जीसीसीचीच मदत घ्यावी लागते. तयार होणारा यंत्रसंकेत जीसीसीच्या सर्व सुधारणा बंद ठेवल्या तरी त्याहून कमी कार्यक्षम. शेवटीशेवटी नवी सोय घातली की जुनी मोडू लागली. आणि सुरक्षेच्या क्षेत्रात काम केलेला माणूस म्हणून, स्वतः कधी न तपासलेला प्रोग्राम लोक वापरात आणतील या विचाराने आपण अस्वस्थ होतो, असेही ते लिहितात. कलम २१३च्या हिशेबाची ही मागणी आहे, आणि ती करणारा हा ताफा चालवणारा माणूस स्वतःच आहे.

५

मग मुकादम नेमला तर? हा प्रयोगही झाला आहे. २०२३मध्ये ‘चॅटडेव्ह’ आणि ‘मेटाजीपीटी’ या प्रकल्पांनी एजंटांना कंपनीतली पदेच वाटली: कुणी उत्पादन-व्यवस्थापक, कुणी आर्किटेक्ट, कुणी प्रोग्रामर, कुणी तपासनीस. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर भूमिकावाटप झाले, नट मात्र एकच. त्याच प्रारूपाने अर्ज लिहायचा आणि त्यानेच मंजूर करायचा. पदाची पाटी बदलल्याने दृष्टी थोडी बदलते हे खरे. पण दोन माणसांच्या अनुभवांत जो मूलभूत फरक असतो, ज्यामुळे तपासनिसाला अर्थ येतो, तो पाटीने येत नाही.

‘कर्सर’ या कंपनीने २०२६च्या जानेवारीत शेकडो एजंट चालवल्याचा वृत्तांत दिला. आरंभी सगळे एजंट समान होते. प्रत्येकाने काम निवडावे, त्याला कुलूप लावावे, संपल्यावर उघडावे. एजंट कुलूप लावून बसू लागले, कधी उघडायला विसरले. वीस एजंटांचा वेग दोन-तीन एजंटांवर आला. कुलपे काढली तर दुसरेच लक्षण दिसले: प्रत्येकजण सोपे, सुरक्षित, छोटे बदल करू लागला आणि अवघड काम कोणीच अंगावर घेईना. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर काम केलेल्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. शेवटी त्यांनी उतरंड आणली: आखणी करणारे वेगळे, राबणारे वेगळे, आणि पुरे झाले की नाही ते ठरवणारा परीक्षक. सगळ्यांची कामे जुळवणारे ‘एकत्रक’ असे एक पदही निर्माण केले होते. त्याने सोडवलेल्या अडचणींपेक्षा केलेल्या जास्त, म्हणून ते रद्द झाले.

त्याआधी, जून २०२५मध्ये, याच प्रश्नावर दोन विरुद्ध मते पुढे आली होती. ‘कॉग्निशन’ कंपनीने बजावले की, कृतीत न सांगितलेले निर्णय दडलेले असतात आणि समांतर एजंटांचे असे निर्णय एकमेकांशी भांडतात. त्यांचे उदाहरण ‘फ्लॅपी बर्ड’ या खेळाचे होते. एक उपएजंट पार्श्वभूमी करतो ती मारिओच्या खेळासारखी, दुसरा पक्षी करतो तो त्या खेळात न शोभणारा. दोघांनीही सांगितलेले काम केलेले असते. अँथ्रॉपिकने उलट बाजूने सांगितले की, माहिती शोधण्याच्या कामात मुख्य एजंट आणि उपएजंट अशी रचना त्यांच्या अंतर्गत चाचणीत एकट्या एजंटापेक्षा ९०.२ टक्क्यांनी सरस ठरली; मात्र साध्या संभाषणाच्या सुमारे १५ पट टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, त्यात खर्च झाले. प्रोग्रॅमिंगमध्ये खरोखर समांतर होणारी कामे शोधकार्यापेक्षा कमी असतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. म्हणजे दोन विरोधक वाटतात तितके दूर नाहीत. शोधकाम एकमेकांकडे न पाहता वाटून घेता येते. घडणीचे काम तसे वाटता येत नाही.

हे १९७५मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या अनुभवावरून सांगितले होते. माणसे वाढली की त्यांच्यातल्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. सोळा जणांत १२० जोड्या होतात. एजंट एकमेकांशी बोललेच नाहीत तर या १२० जोड्यांचा खर्च वाचला असे वाटते. प्रत्यक्षात तो नंतर, टकरी सोडवताना आणि न जुळणारे तुकडे तपासताना, व्याजासह द्यावा लागतो. या क्षेत्रात ‘ऑर्केस्ट्रेशन’ म्हणजे वाद्यवृंदाचे संचालन हे रूपक आवडते आहे. पण वृंदातला प्रत्येक वादक शेजाऱ्याचा सूर ऐकत असतो. आपल्या मैफलीत तर संचालकच नसतो. तबला आणि संवादिनी यांची संगत केवळ ऐकण्यावर चालते. या ताफ्यात ऐकणे नाही. वाचणे आहे, तेही नंतर.

६

१९८५मध्ये डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पेटर नाऊर यांनी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, प्रोग्राम म्हणजे त्याच्या ओळी नव्हेत. तो लिहिणाऱ्यांच्या मनात घडलेली त्या प्रश्नाची समज म्हणजे प्रोग्राम. ही समज कागदपत्रांतून पूर्णपणे उतरवता येत नाही, आणि ती बाळगणारा चमू पांगला की प्रोग्राम चालत असूनही मृत होतो. या कसोटीवर कंपायलरचा प्रयोग पुन्हा पाहावा. २,००० सत्रे म्हणजे २,००० वेळा चमू पांगला. प्रत्येक सत्राने मागे ठेवलेल्या टिपणांवरून पुढच्याने काम उचलले. टिपणांच्या बळावर १,००,००० ओळींपर्यंत जाता येते हे नाऊर यांना उत्तर आहे, आणि ते लहान नाही. पण शेवटी जुने मोडल्याशिवाय नवे घालता येईना, हे नाऊर यांचे प्रत्युत्तर आहे.

हा प्रश्न मराठी वाचकापासून दूरचा नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे जो उद्योग उभा राहिला त्याचे कौशल्यच काम तोडण्याचे, तपशील लिहिण्याचे, दूरवरच्या हाताकडे सोपवण्याचे आणि परत आलेले तपासण्याचे होते. त्या साखळीतली खालची पायरी, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, चाचण्या लिहिणे, दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून त्यात बोट घालणे, हीच नवशिक्याची शाळा होती. तीच आता एजंटांकडे चालली आहे. वरच्या पायरीवर निवाडा करणारा माणूस हवा असे सगळेच सांगतात. पण निवाडा करण्याची नजर खालच्या पायरीवर वर्षानुवर्षे वाचून येते. मुकादमांची भरती करायची आणि कामगारांची शाळा बंद करायची, हे एकाच वेळी फार काळ चालणारे नाही.

म्हणून या साधनांचे मूल्यमापन किती एजंट एकदम चालतात यावर करू नये. चार प्रश्न विचारावेत. अडचण आली तर एजंट थांबून विचारू शकतो का? आपणहून घेतलेले निर्णय तो वेगळे नोंदवून देतो का? उपएजंटाला दिलेला अधिकार मूळ एजंटाच्या अधिकाराहून मोठा होत नाही ना? आणि आलेला निकाल खरोखर वाचणारे माणूस कोण, त्याला दिवसाकाठी किती वाचता येते? पहिल्या तिन्हींची उत्तरे तंत्राने देता येतील आणि काही प्रमाणात दिली जातही आहेत. चौथ्याचे उत्तर तंत्राकडे नाही. सोळा हातांनी लिहिलेले एका डोळ्याने वाचायचे तर वेग डोळ्याचाच राहणार, आणि व्यवस्थेची सगळी ओढ तो डोळा बाजूला करण्याकडे असणार.

कलम १८४मध्ये अज्ञान मुखत्याराला सोडून दिले आहे, मालकाला नाही. जे त्याच्या नावाने झाले त्याला तो बांधील आहे. म्हणून त्याला ते वाचता आले पाहिजे.